पहिला खर्डा फाडू नका!

लेखनाच्या वर्गात विद्यार्थी वाढतो तो दुसऱ्या खर्ड्यात. समजा, सालेकसातल्या बीएच्या मुलीने कचारगड या गोंडांच्या तीर्थस्थळावर लिहिलं, 'हे निसर्गरम्य ठिकाण आहे.' सरांनी समासात विचारलं, 'तिथं तू काय पाहिलंस?' मग कागदावर माघ पौर्णिमेची यात्रा उतरते: दरेकसा स्टेशनवर उतरलेले गोंड भाविक, डोक्यावरची गाठोडी, गुहेकडची दमवणारी चढण, 'जय सेवा'चा गजर. तिच्या आजीचं बोलणं झाडीबोलीतच राहतं. माझ्या मते खरी उडी हीच! शुद्धलेखन काय, मागाहून सुधारतं.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ पासून चालू आहे. तिथेही विद्यार्थ्यांच्या खर्ड्यांवर सगळा वर्ग मिळून चर्चा करतो. आपल्याकडे महाविद्यालयाचा वार्षिकांक आहेच. त्यात लेख देण्याआधी दोन्ही खर्डे शेजारी ठेवून मोठ्याने वाचा.