नावापुढची अक्षरे नीट वाचा

लग्न ठरायच्या आधी केस रोवून घेणारी मुले आणि 'रंग उजळवणारी' इंजेक्शने विचारणाऱ्या मुली आता आपल्या वस्त्यांतही भेटतात. मोबाईलवर पांढऱ्या कोटातला फोटो असतो, खाली 'सीनियर कॉस्मेटिक सर्जन' आणि हप्त्याची सोय. सावळ्या रंगाला कमी लेखणाऱ्या समाजाशी आपले भांडण आहेच. पण निदान चाकू कोणाच्या हाती देतो, ते तरी पाहा.

'कॉस्मेटिक सर्जन' अशी वेगळी मान्यताप्राप्त पदवी भारतात नाही. प्लास्टिक सर्जनकडे एम.सीएच. किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची त्याच विषयातली पदवी असते. एमबीबीएस, एमएस आणि पुढे तीन वर्षे, असा हा लांबचा रस्ता आहे. 'फेलोशिप', 'डिप्लोमा इन कॉस्मेटॉलॉजी' यांतले काही कोर्स थोड्या दिवसांचे असतात. 'बोर्ड सर्टिफाइड' तर अमेरिकेतून उचललेला शब्द. इथे तो वजन वाढवायला लावतात. व्हिडिओ पाहून किंवा कार्यशाळेत बसून केशारोपण सुरू करता येत नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला 2022 मध्ये लेखी सांगावे लागले, यावरूनच काय ते समजा!

2002 च्या आचारसंहितेनुसार त्या शाखेची पात्रता नसताना डॉक्टरने स्वतःला तज्ज्ञ म्हणवू नये. नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवरही हवा. जाहिरातीत तो नसेल तर फोन करून मागा आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर नाव व पदव्या ताडून बघा. बीएएमएस, बीएचएमएस यांच्या परिषदा वेगळ्या, म्हणून 'रजिस्टर्ड' एवढ्या शब्दावर थांबू नका.

आम्हा नर्सेसचा पहिला प्रश्न मात्र दुसराच असतो: भूल कोण देणार? ऑक्सिजन, सक्शन आहे का? 2019 मध्ये मुंबईत केशारोपणानंतर एका व्यावसायिकाचा जीव गेला. 'छोटीशी प्रोसिजर' म्हणून सांगतात, पण शरीराला ते कळत नाही. रुग्णालयाची महापालिकेकडे नोंदणी आहे का, तेही विचारा.

पैसे भरण्याआधी आपल्या मेडिकलच्या प्लास्टिक सर्जरी विभागात एकदा दाखवून या. भाजलेल्या बाईचा आखडलेला हात, बाळाचा फाटलेला ओठ हेही त्यांचेच काम. खासगीत केलेत तर पक्की पावती आणि संमतीपत्राची प्रत घ्या. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितले आहे. तक्रारीच्या वेळी हेच कागद लागतात.