धंदा शिकविणारा अध्यापक

हाटपिपल्याची मुले आता व्यवसाय-व्यवस्थापन शिकावयास देवास-इंदुरास जातात. पालक आम्हांस विचारतात, "मास्तरसाहेब, धंदा का वर्गात बसून येतो?" आम्ही म्हणतो, शिकविणारा कोण ते आधी पाहा.

प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचे उदाहरण घ्या. हे मूळचे सुरतेचे, रसायनशास्त्राचे अध्यापक. श्रीमंत सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० साली त्यांनी बडोद्यास कलाभवन उभे केले आणि हुन्नर देशी भाषेतून शिकविण्याचा पायंडा पाडला. पुढे ते मुंबईस विल्सन कॉलेजात आले. १८९६ च्या प्लेगात आयोडीनच्या एका संयुगाचा उपचार त्यांनी पुढे आणला. पण त्यांचे नाव गाजले ते राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्यावरील डांबर काढल्यामुळे! लोकांची दृष्टी ही अशी.

१९०७ साली त्यांचे शिष्य भाईलाल अमीन व प्रा. कोटीभास्कर यांच्यासह मुंबईत औषधांचा कारखाना निघाला, तोच पुढे बडोद्यास गेला. नाव ठेवले 'अलेंबिक'. शब्द आला अरबी 'अल-अंबीक' वरून, म्हणजे ऊर्ध्वपातनाचे पात्र. आपल्या माळव्यात मोहाची दारू गाळणारास हे पात्र सांगावयास नको. पाणी १०० अंशांवर उकळते, मद्यार्क सुमारे ७८ वर. म्हणून तो आधी वाफेने वर चढतो व थंड नळीत उतरतो. त्यात वनस्पतीचा अर्क उतरतो आणि नासतही नाही. टिंक्चर म्हणतात ते हेच.

आता खरी अडचण पाहा. गूळ वाईट असला तर गिऱ्हाईक चाखून परत देते. औषधाची बाटली दिसावयास सारखीच. आतला अंश निम्मा असला तरी रोग्यास कळत नाही, आणि दुप्पट असला तर कळते तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय लिहून देणारा डॉक्टर, विकणारा दुकानदार आणि पैसे मोजणारा रोगी, असे तिघे निराळे. म्हणून पहिला रुपया गल्ल्यात येण्यापूर्वीच तपासणी, परवाना व फुकट गेलेला माल यांवर खर्च होतो. भांडवल बहुधा येथेच आटते. ज्याने असा कारखाना चालविला त्याला हे फळ्यावरच्या आकड्यांपलीकडचे ठाऊक असते.

तेव्हा मुलास कॉलेजात घालाल तर अध्यापकांस त्याने एक गोष्ट अदबीने अवश्य विचारावी: बिघडलेला घाणा टाकून दिलात, तो कोणत्या खात्यावर मांडलात?