मुलांची मैत्री आणि ऊसतोडीचा हंगाम

तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातील मातीची खेळणी आहेत. ती पाहताना आम्हाला वाटते, दोन हजार वर्षांपूर्वी तेरणेकाठचे पोर ती एकट्याने खेळले नसेल. जोडीला शेजारचे पोर असेलच.

मैत्री मात्र जन्मतः येत नाही. ती पायरीपायरीने वाढते. दोन-अडीच वर्षांची मुले शेजारी बसून मातीत खेळतात, पण ज्याचा त्याचा खेळ वेगळा. अमेरिकेतील मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली हेच नोंदवले. चौथ्या-पाचव्या वर्षी भातुकली मांडली जाते. या वयात मित्र म्हणजे आज जो खेळायला आला तो. सकाळी कट्टी, दुपारी बट्टी. पुढे विटीदांडू, गोट्या येतात, त्यांबरोबर नियम येतात, आणि 'माझा डाव झाला, आता तुझा' हा न्याय कळतो. आठ-नऊ वर्षांच्या सुमारास एक जिवलग सोबती हवासा होतो. हॅरी स्टॅक सलिव्हन या मानसोपचारतज्ज्ञांनी या सोबत्याला फार महत्त्व दिले. दुसऱ्याचे सुख आपल्याइतकेच मोलाचे वाटणे येथे प्रथम घडते, असे त्यांचे म्हणणे. किशोरवयात तर घरी न सांगितलेली गोष्टही मित्राच्या कानी जाते.

यातील वरच्या पायऱ्यांना रोजचा सहवास लागतो, आणि आमच्या भागात तोच तुटतो. धाराशिव-बीडकडील कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. आईबापांच्या कोयत्यामागे मूलही जाते. फडावरच्या कोपीत नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळते. तिने खेळावे कोणाशी? तेथे सोबती मिळालाच, तर पट्टा पडताच तो आपल्या गावी जातो. ती शाळेत परतते तेव्हा वर्गातील जोड्या जुळून गेलेल्या असतात. पुढल्या वर्षी पुन्हा तेच.

आम्ही वर्षानुवर्षे मजुरीच्या दरासाठी भांडलो, ते योग्यच होते. हंगामी वसतिगृहे मागताना अक्षरओळख आणि दोन वेळचे जेवण एवढाच हिशेब मांडला. मैत्री त्यात धरली नाही, ही आमची चूक. कामगाराने कामगारावर विश्वास टाकावा, हे आम्ही सभांतून सांगतो. पण त्याचा पहिला धडा बालपणीच्या डावात मिळतो. तो ज्यांना मिळालाच नाही, त्यांना आमची भाषणे किती पुरणार?

म्हणून आमचे सांगणे एवढेच: दसऱ्याआधी गावोगावी जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांची यादी करा, आणि मुले गावातच, आपल्या सोबत्यांत राहतील अशी सोय मागून घ्या. उचल घेतली ती आईबापांनी; तिची फेड मुलांच्या मैत्रीने होऊ नये.