ज्यांना मत नाही, त्यांचा आमदार कोण?

समजा, शेजारी शेजारी दोन मतदारसंघ आहेत. लोकसंख्या दोन्हीकडे सारखीच. पण एकीकडे बहुतेक प्रौढ नागरिक, तर दुसरीकडे लेकुरवाळी कुटुंबे आणि परदेशातून आलेले कामगार. साहजिकच पहिल्या ठिकाणी मतदार जास्त, दुसऱ्या ठिकाणी कमी. मग दोघांनाही एकेकच आमदार, हा न्याय झाला का?

अमेरिकेतील टेक्सास राज्यातून हाच प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. राज्यांच्या विधिमंडळाचे मतदारसंघ लोकसंख्येने जवळपास सारखे हवेत, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच ठरवून दिले होते. पण मोजायचे कोणाला? सगळ्या रहिवाशांना की फक्त मतदारांना? टेक्सासच्या वरिष्ठ सभागृहात ३१ मतदारसंघ. सगळी माणसे मोजली, तर त्यांच्यातील कमाल तफावत जेमतेम ८ टक्के. फक्त मतदार मोजले, तर तीच ४० टक्क्यांच्या वर! मतदार जास्त असलेल्या भागांतील दोघांनी तक्रार केली, आमच्या मताची किंमत कमी होते.

एप्रिल २०१६ मध्ये निकाल लागला. आठही न्यायमूर्तींनी तक्रार फेटाळली. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचे. लोकप्रतिनिधी केवळ मतदारांचा नसतो, सर्व रहिवाशांचा असतो, असे त्यांनी म्हटले. मुलांना मत नसते, पण शाळा त्यांच्याचसाठी असतात. अमेरिकेत स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला १९२० मध्ये. जनगणनेत मात्र त्या आधीपासूनच धरल्या जात होत्या.

तरीही वाद पुरता मिटला नाही. एखाद्या राज्याने स्वतःहून फक्त मतदार मोजायचे ठरवले तर चालेल का, यावर न्यायालयाने मत दिले नाही. २०२० च्या जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्न घालण्याचा सरकारचा प्रयत्नही २०१९ मध्ये न्यायालयात अडला.

डल्लास, ह्यूस्टनमध्ये नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा प्रश्न परका नाही. ती कर भरतात, मुलांना तिथल्या शाळेत घालतात. पण त्यांना मत नसते. फक्त नागरिक मोजले, तर मतदारसंघ आखताना ती हिशेबातच येणार नाहीत. आपल्या राज्यघटनेनेही विधानसभेच्या मतदारसंघांसाठी जनगणनेतील लोकसंख्याच आधार मानली आहे. म्हणजे पाळण्यातले बाळही त्यात मोजले जाते. रस्ता, पाणी, दवाखाना मतदार यादी पाहून थोडेच लागतात!