झाडावरचा कांगारू : दहा किलोंचा हिशेब

कांगारू म्हटला की ऑस्ट्रेलियाच्या उघड्या माळावरून लांब उड्या मारीत जाणारा उंच प्राणी आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. तो झाडावर चढतो असे कोणी सांगितले तर ऐकणाऱ्यास ती थट्टा वाटावी. परंतु न्यू गिनी बेटाच्या डोंगराळ रानांत आणि ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य कोपऱ्यात, क्वीन्सलंडच्या पर्जन्यवनांत, आयुष्याचा बराचसा काळ झाडावर काढणारे कांगारू खरोखरीच आहेत. शास्त्रज्ञ त्यांच्या सुमारे १४ जाती मानतात. आपल्याला येथे विचार करावयाचा आहे तो त्यांच्या वजनाचा. वजनासारख्या रुक्ष गोष्टीत सांगण्याजोगे ते काय असणार, असे वाटेल. पण प्राण्याचे वजन समजले म्हणजे त्याचे अन्न, त्याची चाल आणि पुष्कळदा त्याचे भवितव्यही समजू लागते.

प्रथम आकडे पाहू. क्वीन्सलंडमधील लुमहोल्ट्झचा वृक्ष-कांगारू हा या कुळातला लहानखुरा. त्याचे वजन साधारण ७-८ किलो भरते. न्यू गिनीतील थोराड जातींचे नर १४-१५ किलोंपर्यंत जातात. डोके व धड मिळून लांबी ५० ते ८० सेंटिमीटर, आणि शेपूट बहुधा तेवढीच लांब. माळावरचा तांबडा कांगारू मात्र ८५ किलोंचा होऊ शकतो. आपल्या सह्याद्रीतले शेकरू दीड-दोन किलोंचे, तर आपल्या परिचयाच्या काळतोंड्या वानराचा नर १५ किलोंच्या आगेमागे. तेव्हा वृक्ष-कांगारू आपल्या भावंडांत अगदी बुटका, पण झाडावरच्या बिऱ्हाडकरूंत चांगला भारदस्त ठरतो. सर्व सस्तन प्राण्यांशी तुलना केली तर तो मोठ्यांतच बसेल. सस्तनांच्या ६,००० हून अधिक जातींपैकी निम्म्याहून जास्त जाती उंदीर-खारींच्या वर्गातील किंवा वटवाघळांच्या आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना एक किलोचे मापही पुरून उरते.

आता खरा प्रश्न येतो. हे वजन दहा किलोंच्याच आसपास का? दोन का नाही, पन्नास का नाही?

वरची मर्यादा फांदी ठरविते. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक साधे सत्य मांडले आहे. एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली तर तिचा पृष्ठभाग चौपट होतो, पण वजन आठपट होते. हाडाचे बळ त्याच्या जाडीच्या छेदावर, म्हणजे चौपटीवर, अवलंबून असते. त्याने पेलावयाचा भार मात्र आठपट झालेला असतो. प्राणी वाढला म्हणून फांदी काही त्याच्याबरोबर जाड होत नाही. शिवाय कोवळी पाने असतात ती फांद्यांच्या टोकांना. जड प्राण्याला तेथवर पोचता येत नाही, आणि पोचून पडलाच तर त्याची हाडे शाबूत राहणे कठीण. वृक्ष-कांगारू १५-१८ मीटर उंचीवरून जमिनीवर उडी टाकूनही सुखरूप राहतो, असे त्याचे निरीक्षण करणारे सांगतात. ८५ किलोंच्या भावंडाला हे धाडस परवडणार नाही.

खालची मर्यादा पाने ठरवितात. पानांत सत्त्व थोडे आणि चोथा फार. तो पचविण्यासाठी कांगारूच्या जठराचा पुढला भाग आंबवणीच्या रांजणासारखा काम करतो. तेथे सूक्ष्म जंतू चोथा फोडतात. हा रांजण बाळगावयाचा तर शरीरही बेताचे मोठे हवे. त्यात आणखी एक नियम आडवा येतो. मॅक्स क्लायबर यांनी १९३२ साली दाखवून दिले की वजन १६ पट झाले तरी प्राण्याची ऊर्जेची गरज सुमारे ८ पटच होते. उलट बाजूने पाहिले तर लहान प्राण्याला दर किलोमागे जास्त खावे लागते. म्हणूनच चिमुकल्या प्राण्याला फळे, दाणे, किडे असे कसदार अन्न लागते. नुसत्या पानांवर त्याचा संसार चालत नाही. पिल्लू पिशवीत वाढविणाऱ्या प्राण्यांचा शरीरव्यापार इतर सस्तनांपेक्षा मुळातच मंद असतो. तेव्हा वृक्ष-कांगारूला ही काटकसर आणखी साधते.

वर फांदी आणि खाली पान, या दोहोंमध्ये सापडलेल्या प्राण्यांची यादी केली तर गंमत दिसते. ऑस्ट्रेलियातील कोआला ४ ते १४ किलो, दक्षिण अमेरिकेतील स्लॉथ ४ ते ८, तेथलेच आरोळ्या ठोकणारे हाउलर माकड ६-७ किलो. कूळ निराळे, खंड निराळे; पण धंदा एक, म्हणून वजनही जवळजवळ एक.

यावर कोणी श्रोता विचारील, मग ओरांगउटानचे काय? त्याचा नर ८० किलोंचा असूनही झाडावर राहतो. खरे आहे. पण त्याला चार हात आहेत म्हटले तरी चालेल. एका वेळी तीन-चार फांद्या धरून तो आपला भार वाटून देतो, आणि त्याच्या आहारात फळांचा वाटा मोठा असतो. वृक्ष-कांगारूच्या पूर्वजांनी जमिनीवर उड्या मारता मारता पायाचा अंगठाच गमावला. पुन्हा झाडावर आल्यावर त्याने मागचे पाऊल आखूड व रुंद केले, तळव्याला खरखरीत गादी आणली, पुढचे हात बळकट केले, नख्या वाकड्या केल्या. तरी पायाने फांदी पकडण्याची कला त्याला परत मिळाली नाही. शेपटीनेही तो लोंबकळू शकत नाही. तिचा उपयोग तोल सांभाळण्यापुरता.

हा हिशेब निसर्गाने लाखो वर्षांत जुळविला. पण त्यात मनुष्य आला, आणि त्याच्या लेखी दहा किलो म्हणजे एका कुटुंबाचे चांगले जेवण. न्यू गिनीच्या डोंगरांत मांसाची वाण असते. तेथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या कुत्री घेऊन या प्राण्याची शिकार करीत आली, त्यांना दोष देणे सोपे, पण न्याय्य नाही. अडचण ही की मादीला एका वेळी एकच पिल्लू होते. जन्मतः ते घेवड्याच्या दाण्याएवढे असते आणि आठ-दहा महिने पिशवीत वाढते. खर्च वाढला आणि जमा तेवढीच राहिली, की दिवाळे ठरलेलेच.

पापुआ न्यू गिनीच्या टोरिचेल्ली डोंगररांगेतील टेनकिले या जातीचे २००१ च्या सुमारास जेमतेम शंभर प्राणी उरल्याचा अंदाज होता. तेव्हा टेनकिले कन्झर्वेशन अलायन्स या संस्थेने गावोगाव बोलणी केली. गावकऱ्यांनी शिकार थांबविण्याचे मान्य केले, आणि मांसाची उणीव भरून काढण्यासाठी ससे व मासे पाळण्यास आरंभ झाला. पुढे टेनकिलेंची संख्या तीनशेच्या वर गेल्याचे दिसून आले. केवळ बंदी घातली असती तर हे झाले नसते. जंगलातून वजा होणारे दहा किलो माणसाच्या ताटात दुसरीकडून आले, तेव्हाच ते झाडावर शिल्लक राहिले.