आधी बोटांना खेळू द्या

मूल दोन वर्षांचं झालं की घरात पाटी येते आणि ‘हे गिरव, ते गिरव’ सुरू होतं. पण लिहायला लागणारी ताकद त्या बोटांत अजून आलेली नसते. ती येते दाबण्यातून, फाडण्यातून, चिमटीत धरण्यातून.

त्यासाठी झेरॉक्सच्या दुकानातून एक चित्र छापून आणा. चित्र मोठं आणि जाड रेघेचं हवं. गटातल्या एकीने आणलं, तरी सगळ्यांना प्रती काढता येतील.

झाडाचं चित्र असेल, तर फळांच्या गोलांवर कणकेचे छोटे गोळे अंगठ्याने दाबायला द्या. मेंढीच्या अंगावर कागदाचे कपटे चिकटवू द्या. कपटे मुलानेच फाडायचे, खळ घरच्या पिठाची चालते. एका टोकाला गाय, दुसऱ्या टोकाला चारा असेल, तर मधल्या वाटेवरून बोट फिरवू द्या.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. चित्रावर मांडायला शेंगदाणे, हरभरे, मणी, बटणं देऊ नका. या वयात सगळं तोंडात जातं. घशात अडकलं तर जिवावर बेततं. खेळताना जवळच बसा.

दहा मिनिटं पुरेत. मूल कंटाळलं की थांबा. खडू मुठीत धरला म्हणून रागावू नका, चिमटीची पकड हळूहळू येते.

१९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागडी खेळणी नाही, परिसरातल्या वस्तूच साधनं झाल्या. आपल्या घरातही कणीक आहे, कागद आहे. पाटी थोडी थांबेल.