बांगड्यांचा टोमणा आणि रोमन वक्ते

कोरेगावच्या पेठेत निवडणुकीची सभा ऐन रंगात आली, म्हणजे कारभाराचा जाब विचारणे बाजूस राहते, आणि प्रतिपक्षाने हातांत बांगड्या भराव्यात असे वक्ता आवेशाने सुनावताच टाळ्या पडतात. सातारा-सांगलीकडील सुशिक्षितांची अशी समजूत आहे की, हा टोमणा खेडवळ रांगडेपणाचा उद्गार असून शिक्षणाच्या प्रसाराबरोबर तो आपोआप लोपेल. ही समजूत निराधार आहे. कारण वक्तृत्वाचे शास्त्र ज्या नगरीत अत्यंत परिश्रमाने जोपासले गेले, त्या प्राचीन रोममध्ये हेच शस्त्र सर्वांत विद्वान वक्त्यांच्या हाती होते.

इ. स. पू. ४४ मध्ये रोमन वक्ता सिसेरो याने मार्क अँटनीविरुद्ध दुसरे ‘फिलिपिक’, म्हणजे निंदापर भाषण, रचले. ते प्रत्यक्ष सभेत कधी झालेच नाही. लेखी रूपानेच ते लोकांपुढे आले. अँटनीने प्रौढ पुरुषाचा टोगा अंगावर घेतला खरा, पण लगेच त्याचे स्त्रीवस्त्र करून टाकले, हा त्यातील आरोप म्हणूनच क्षणिक संतापाच्या खाती घालता येत नाही. तो लेखणी हाती धरून, तोलूनमापून केलेला आहे.

असा टोमणा दुर्बळ पुरुषाच्याच वाट्याला येतो, हाही गैरसमजच. हॉर्टेन्सिअस हा सिसेरोच्या उदयापूर्वीचा रोममधील अग्रगण्य वकील. त्याचे हावभाव पाहण्यास नामांकित नट येऊन बसत, आणि त्याच कौशल्यापायी इ. स. पू. ६२ मधील एका खटल्यात प्रतिपक्षाने त्याला एका नर्तकीच्या नावाने हिणवले. खुद्द सिसेरोच्या शैलीवरही ब्रूटसने कमरेत जोर नसल्याचा ठपका ठेवला होता, असे रोमन इतिहासकार टॅसिटस नमूद करतो. पौरुष जन्मसिद्ध असते, तर आवाज बायकी होऊ नये यासाठी वक्त्याने घ्यावयाची दक्षता पहिल्या शतकातील वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियनला आपल्या ग्रंथात लिहून ठेवावी लागली नसती.

रोमन स्त्रिया राजकारणात सर्वस्वी मूक होत्या, या समजुतीस तर त्या हॉर्टेन्सिअसच्या कन्येनेच उत्तर दिले आहे. इ. स. पू. ४२ मध्ये तिघा सत्ताधीशांनी युद्धखर्चासाठी १,४०० धनाढ्य स्त्रियांच्या मालमत्तेवर कर बसवण्याचे फर्मान काढले. त्यांची वकिली करण्यास एकही पुरुष धजेना, तेव्हा हॉर्टेन्सिया फोरममध्ये उभी राहिली. ज्या अधिकारपदांत, सन्मानांत आणि सेनापतित्वात स्त्रियांना वाटा नाही, त्यांपायी पेटलेल्या युद्धाचा खर्च स्त्रियांनी का सोसावा, असा तिचा सवाल होता. या स्त्रियांना हुसकावून लावण्याचा हुकूम सुटला. परंतु बाहेरच्या जमावाने गलका करताच शिपाई थबकले, आणि दुसऱ्या दिवशी ती यादी ४०० वर आणणे सत्ताधीशांना भाग पडले. अप्पियनच्या इतिहासात आज आढळणारे भाषण सुमारे दोन शतकांनंतरचे असल्याने त्यातील शब्द त्याचेच मानावेत. मात्र क्विंटिलियनच्या काळी तिचे भाषण वाचले जात असे, आणि तेही केवळ स्त्रीचे कौतुक म्हणून नव्हे, असे तो स्पष्ट लिहितो. एवढी दाद त्या ग्रंथकाराकडून मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

आपल्याकडे ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या प्रतिसरकारच्या धामधुमीत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकोचे सोंग वठवले; शिपाई भांडण सोडवण्यास बाहेर धावले आणि साथीदारांनी आतील बंदुका लांबवल्या. अबलेच्या ज्या प्रतिमेवर सभेतील टोमणा उभा असतो, तिचाच त्यांनी परकीय सरकारविरुद्ध उपयोग केला.

महाराष्ट्राने २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या. तरीही मोर्चा कचेरीवर गेला, की अधिकाऱ्याच्या मेजावर बांगड्यांचा आहेर ठेवण्यास पुष्कळदा स्त्रियाच पुढे होतात. पाणीपट्टीची रक्कम कोठे गेली, हे ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार ज्यांना आहे, त्यांनी आपल्याच हातातले भूषण दुसऱ्याच्या मानहानीसाठी पुढे करावे, याचे मला मनस्वी वाईट वाटते.